चारवर थांबायचं

गुरुवारी माझ्या ऑफिसच्या बॅगेत लॅपटॉपखाली तीन गोष्टी जास्तीच्या असतात. दोन टीशर्ट, एक नॅपकिन आणि कापडी पिशवीत गुंडाळलेले काळे बूट. बुटांच्या तळाला स्वेडचं चामडं आहे. त्यामुळे फरशीवर पाय अडतही नाही आणि भलताच घसरतही नाही. हे बूट रस्त्यावर घालायचे नसतात. मुंबईच्या पावसात एकदा भिजले की त्यांचा तळ पापडासारखा कडक होतो.

वर्षभर मी घरी सांगत होतो की गुरुवारी अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल असतो, उशीर होईल. आई म्हणायची, "त्यांना दुसरा वार मिळत नाही का?" मी म्हणायचो, नाही मिळत.

क्लायंट वगैरे कुणी नव्हतं. मी अंधेरीच्या एका बारमध्ये साल्सा नाचायला जात होतो.

"नाचायला बारमध्ये जातो" हे वाक्य डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात कसं म्हणायचं ते मला कळत नव्हतं. २००५ साली महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली तेव्हा मी शाळेत होतो. महिनोनमहिने बातम्यांत ते दोन शब्द जोडीनेच यायचे. आईच्या डोक्यात ते अजून तसेच जोडलेले होते. पण खरं सांगायचं तर लपवण्याचं कारण ते नव्हतंच. कारण बाबा होते.

बाबा बँकेत होते. निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर घासायला लागली. आई म्हणाली, "अजून नोटाच मोजताय का?" आम्ही सगळे हसलो. मग चालताना तो हात हलेनासा झाला, अक्षर बारीक होत गेलं आणि एक दिवस न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सन्स हा शब्द उच्चारला. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. गोळी घेतली की काही तास बरे जातात. मग गोळीचा असर उतरतो आणि माणूस पुन्हा जड होतो.

आमचं घर त्या गोळीच्या घड्याळावर चालायला लागलं. सकाळी बाबांच्या शर्टाची बटणं मी लावायचो. दाढी मी करायचो. रविवारी आंघोळ मी घालायचो. ताई लग्न होऊन ठाण्याला, आईचे गुडघे गेलेले. मी तिशीत पोचलो होतो आणि एक दिवस लक्षात आलं की गेल्या दोन वर्षांत मी ज्या एका शरीराला हात लावला ते बाबांचं होतं. लोकलमध्ये लोक चिकटतात, पण त्याला स्पर्श म्हणत नाहीत.

त्या सुमारास ऑफिसातली एक सहकारी म्हणाली, "गुरुवारी चल माझ्याबरोबर. आठ वाजता नवशिक्यांचा तास असतो. कुणालाच काही येत नसतं." मी गेलो.

*

बार म्हणजे अगदी साधा. गुरुवारी तिथे फारसं गिऱ्हाईक नसतं म्हणून मालकाने मधली जागा रिकामी करून दिलेली. टेबलं भिंतीला सरकवलेली. आठ ते नऊ शिकवणी, नऊनंतर 'सोशल', म्हणजे डीजे गाणी लावणार आणि ज्याला ज्याच्याबरोबर नाचायचंय त्याने नाचायचं. थोडी साल्सा, थोडी डॉमिनिकन रिपब्लिकमधली बचाता, मधूनच अंगोलातला किझोंबा. मालक मात्र दर आठवड्याला थोडा दुःखी असतो, कारण साल्सावाले पीत नाहीत. प्यायलं की तोल जातो. त्यामुळे वीस-तीस माणसं चार तास घामाने निथळतात आणि फक्त पाणी आणि लाइम सोडा मागतात.

मला वाटलं होतं सगळे सिनेमात दिसतात तसे असतील. प्रत्यक्षात एक दंतवैद्य मुलगी होती. सीएच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेला एक मुलगा होता. पांढरे केस कापून बारीक केलेल्या पन्नाशीच्या एक शाळेतल्या बाई होत्या, त्या सगळ्यांत चांगल्या नाचायच्या. एक जण भाईंदरहून यायचा आणि शेवटच्या गाडीच्या हिशोबाने शेवटचं गाणं निवडायचा.

साल्साचा मूळ हिशोब सोपा आहे. आठ ठोके. एक-दोन-तीनला पावलं, चारला नाही. पाच-सहा-सातला पावलं, आठला नाही. चार आणि आठवर थांबायचं. शिकवणारी मोठ्याने मोजायची, "वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन," आणि चार गिळून टाकायची. मला पहिला महिनाभर थांबताच येत नव्हतं. रिकामी जागा दिसली की पाऊल पडायचंच. डोंबिवली स्टेशनवर लहानाचा मोठा झालेला माणूस. रिकाम्या जागेत आधी घुसायचं, मग विचार करायचा, हेच अंगात भिनलेलं.

आणि माझा हात. जोडीतल्या पुरुषाने बहुधा 'लीड' करायचं असतं, म्हणजे पुढचं वळण सुचवायचं. मला वाटलं, सुचवायचं म्हणजे ओढायचं. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी दंतवैद्य मुलगी नाचता नाचता शांतपणे म्हणाली, "मी पळून जाणार नाहीये. एवढं घट्ट नको धरूस."

मी इतका शरमलो की ते गाणं कसं संपलं आठवत नाही. पण तिने दुसऱ्या गाण्याला हात सोडला नाही. म्हणाली, "बोटं नुसती आकड्यासारखी ठेव. मला वळवायचं असेल तर आधी तुझं वजन त्या पायावर जाऊ दे. मला कळेल."

तिला कळायचं. हे मला अजूनही नवल वाटतं. मी छातीतून जरा डावीकडे झुकलो की समोरच्या माणसाला ते हातातून समजतं. ओढायला गेलं की तीच मुलगी खांबासारखी जड होते. तिचं काही चुकत नसतं. आपण तिचा तोल तिच्याकडून काढून घेतलेला असतो आणि तो परत मिळवायला ती थांबते.

*

नकारही पुष्कळ मिळाले. पद्धत अशी की समोर जाऊन हात पुढे करायचा, नजरेने विचारायचं. समोरच्याने मान हलवली तर हसून परत यायचं, कारण विचारायचं नाही. नियम सोपा आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो. एकदा एक मुलगी मला म्हणाली, "पाय दुखतायत." दुसऱ्याच मिनिटाला ती दुसऱ्याबरोबर फ्लोअरवर. मी लाइम सोडा घेऊन भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मनात तिच्याशी बराच वेळ भांडलो.

शाळेतल्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिला हे गाणं त्याच्याबरोबर नाचायचं असेल. तुझ्या बापाचं काय गेलं?" आणि मग हात पुढे केला. "चल. मी विचारते."

हळूहळू मला त्या 'नाही'ची सवय झाली. पुढे ते आवडायलाही लागलं, कारण ज्या फ्लोअरवर नाही म्हणता येतं तिथलं 'हो' खरं असतं. चार-पाच मिनिटांचं गाणं. तेवढा वेळ एक अनोळखी माणूस आपला तळवा आपल्या हातात ठेवतो, आपण त्याच्या पाठीवर खांद्याच्या पात्याखाली हात ठेवतो, गाणं संपतं, थँक यू म्हणून दोघं दोन दिशांना जातात. त्यापुढे बहुतेक वेळा काहीच नसतं. घरी मी ज्या हातांनी बटणं लावायचो, त्याच हातांवर इथे कुणीतरी स्वतःच्या पायावर गिरकी घेत होतं. त्यांना माझी गरज नव्हती. ते खेळायला आले होते.

हे मला इतकं हवं होतं, याचीच लाज वाटायची. म्हणून क्लायंट.

*

गाड्यांमधून परतताना मी या नाचाबद्दल वाचायचो. मेट्रोने अंधेरी ते घाटकोपर आणि पुढे कल्याण लोकल, एवढ्यात एक लेख आरामात होतो.

साल्सा म्हणजे स्पॅनिशमध्ये सॉस. संगीताची मुळं क्यूबाच्या 'सोन'मध्ये, आणि त्याच्या मागे गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांचे ताल. पण 'साल्सा' या नावाने ते जगभर गेलं न्यूयॉर्कमधून. १९५० च्या दशकात ब्रॉडवेवरच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये मांबो नाचायला पोर्तो रिकन, कृष्णवर्णीय, इटालियन, ज्यू असे सगळे एका फ्लोअरवर यायचे. ज्या काळात त्या देशात माणसं रंगावरून वेगळी बसवली जात होती तो हा काळ. १९६४ मध्ये जॉनी पाचेको हा डॉमिनिकन वादक आणि जेरी मासुची हा वकील यांनी फानिया रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. २६ ऑगस्ट १९७१ ला चीता नावाच्या क्लबमध्ये फानियाच्या कलाकारांचा कार्यक्रम झाला आणि तिथून हे नाव घरोघरी गेलं, असं मानतात.

मला त्यातली माणसं ओळखीची वाटली. बेटावरून शहरात आलेली, दिवसा कारखान्यात, हॉटेलात राबणारी, संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घालून नाचायला जाणारी. आमचे आजोबा कोकणातून गिरणीत आले होते. त्यांचं भजनी मंडळ होतं. पाळी संपवून माणूस झोपत का नाही, टाळ का वाजवत बसतो, हे आजीला कधी कळलं नाही म्हणे. बाबांनी तबला त्या मंडळातच उचलला. बँकेत असतानाही एकादशीच्या भजनाला ते साथीला बसायचे. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी तबला-डग्गा खोळ घालून माळ्यावर ठेवला, आणि त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही.

*

त्या गुरुवारी फोन बॅगेत होता. साडेदहाला पाणी प्यायला आलो तेव्हा आईचे सात मिस्ड कॉल.

बाबा बाथरूमला निघाले होते. दाराच्या उंबऱ्याशी पाय अडकले. पार्किन्सन्समध्ये हे होतं. पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, वरचं शरीर मात्र पुढे जात राहतं. दारं, अरुंद जागा, वळणं, इथे जास्त. ते तोंडावर पडले. आई आणि शेजारचे काका त्यांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले. भुवईला पाच टाके.

मी साडेबाराला घरी पोचलो. बाबा झोपले होते, कपाळावर पट्टी. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. सकाळी निळा शर्ट घालून गेलेला मुलगा काळा टीशर्ट घालून परत आला होता, केस ओले, हातात कापडी पिशवी. तिने पिशवी उघडून बूट पाहिले.

"क्लायंटकडे बूट बदलून जातोस?"

मी सगळं सांगितलं. वाटलं होतं ती बारवरून बोलेल. ती म्हणाली, "सांगितलं असतंस तर मी काकूंना इकडे थांबवून घेतलं असतं. मी दर गुरुवारी एकटी आहे हे तरी मला माहीत होतं. तू दोन हाकांवर नाहीस, हे माहीत नव्हतं." मग ती उठून झोपायला गेली.

मी जायचं बंद केलं. बूट माळ्यावर, तबल्याशेजारी. कुणी शिक्षा दिली नव्हती, म्हणून मीच घेतली. तीन महिने मी दर गुरुवारी साडेसातला घरी असायचो आणि घरातल्या प्रत्येक माणसाला त्याचा त्रास व्हायचा. भाजीला मीठ कमी, पंख्याचा आवाज, बाबांचं पाणी सांडणं, सगळ्यावर मी चिडायचो.

शेवटी एका संध्याकाळी बाबाच म्हणाले. त्यांचा आवाज आता बारीक झालाय, जवळ जावं लागतं. "ते काय नाचतोस, ते ऐकव तरी."

मी फोनवर एक जुनं गाणं लावलं. म्हटलं बघू. ते डोळे मिटून ऐकत होते. साल्सा वेगवान असते, मिनिटाला दीडशे ते सव्वादोनशे ठोके. त्यात काँगा, बाँगो, टिंबाले, घंटा, पियानो, सगळे आपापलं वेगळं वाजवतात. नवशिक्याला त्यात 'एक' सापडत नाही. मला सापडायला पाच महिने लागले होते.

मिनिटभराने बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर पडायला लागली. जो हात नुसता ठेवला की थरथरतो, तो काही करायला लागला की जरा स्थिर होतो. "आठच मात्रा आहेत," ते म्हणाले. "केरव्याएवढ्याच." मग थोडं थांबून, "पण सम लपवलीय रे त्याने. खर्जवाला समेच्या आधीच येऊन बसतो. समेवर वाजवतच नाही."

मी थक्क झालो. अगदी बरोबर होतं. साल्सात बासचा स्वर बहुतेकदा चारवर वाजतो आणि तसाच एकवरून पुढे वाहतो. मी त्यांना क्लावे दाखवला, म्हणजे दोन लाकडी दांड्यांवर वाजणारे पाच ठोके, ज्यांच्यावर सगळं संगीत उभं असतं. आधी तीन मग दोन, किंवा आधी दोन मग तीन. बाबांनी टेबलावर तो वाजवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. आई कणीक मळताना दारात येऊन उभी राहिली. तबला माळ्यावर गेल्यापासून त्या घरात बाबांनी वाजवलेलं ते पहिलं काहीतरी होतं.

*

त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्ट आल्या होत्या. उंबऱ्याशी पाय खिळले की काय करायचं ते त्या आम्हाला शिकवत होत्या. "हाताला धरून पुढे ओढू नका. ओढलं की ते आणखी अडकतात, आणि पडतात. समोर उभे राहा. हात हातात घ्या. आधी त्यांना जागेवरच डुलू दे. वजन डावीकडे, उजवीकडे. मग मोजा, आणि मोजल्यावर पहिलं पाऊल मोठं टाकायला सांगा."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मग उठून बाबांसमोर उभा राहिलो आणि बोटं आकड्यासारखी ठेवली.

दोन वर्षं मी बाबांना ओढत होतो. प्रेमानेच, पण ओढत होतो. बाथरूमकडे, खुर्चीकडे, डॉक्टरांकडे. उशीर होतोय, गाडी येईल, गोळीचा असर उतरेल. त्यांचा तोल मी त्यांच्याकडून काढून घ्यायचो आणि मग ते जड का होतात म्हणून वैतागायचो.

आम्ही उंबऱ्याशी डुलायला लागलो. डावा, उजवा. मी मोजलं, "एक, दोन, तीन." बाबांचा पाय उचलला. पुन्हा, "पाच, सहा, सात."

"चार कुठे गेला?" बाबांनी विचारलं.

"चारवर थांबायचं."

"थांबायला मला शिकवू नकोस," बाबा म्हणाले. आई इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं.

लिहिताना हे फार छान वाटतं, म्हणून सांगून टाकतो. हे रोज चालत नाही. काही दिवस मोजणं, डुलणं, काहीच लागू पडत नाही आणि आम्ही दोघं पाच-पाच मिनिटं उंबऱ्याशी उभे असतो. या आजारावर बरं करणारं औषध नाही आणि नाच हे औषध नाही. फरक एवढाच की आता मी ती पाच मिनिटं उभा राहू शकतो.

पुढच्या गुरुवारी सकाळी बटणं लावताना बाबा म्हणाले, "आज क्लायंट नाही का?"

आता ठरलेलं आहे. गुरुवारी शेजारच्या काकू आमच्याकडे मालिका बघायला येतात, आणि मी येईपर्यंत थांबतात. महिन्यातून एका गुरुवारी ताई येते. बाथरूमच्या दोन्ही बाजूंना दांडे बसवले, उंबऱ्यावर पिवळी पट्टी चिकटवली, कारण समोर ओलांडायला रेघ दिसली की पाय उचलायला सोपं जातं. माझा फोन खिशात असतो, रिंगर पूर्ण मोठा. बाई म्हणतात, "अरे, तुझा खिसा मला लागतोय." मी सांगतो, तो असू दे.

आणि मी सव्वाअकराला निघतो. नाही निघालो असं एकदा झालं, गाणं फार चांगलं होतं. आईला फोन करून सांगितलं, अर्धा तास उशीर होईल. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

परवा पोचलो तेव्हा बाबा जागे होते. रात्री त्यांना कूस बदलता येत नाही, म्हणून झोप मोडते. मी बूट ठेवले, हातपाय धुतले आणि त्यांच्याजवळ गेलो.

"आज किती जणींनी नाही म्हटलं?"

"दोघींनी."

"बरं," ते म्हणाले. "बाथरूमला जायचंय."

मी त्यांना उठवून बसवलं, मग उभं केलं. पॅसेजमधून आम्ही नीट गेलो. पिवळ्या पट्टीशी त्यांचे पाय थांबले. मीही थांबलो. हात हातात होते. घरात सगळीकडे शांत होतं, फक्त लांबून एक लोकल गेल्याचा आवाज आला.

"डुलतोयस ना?" बाबांनी विचारलं.

"डुलतोय."

"मग मोज."